चढी पट्टी

आमच्या फौंड्रीच्या हजेरीपटावर दोनशे एकतीस माणसं होती. साहेब समोर आला की त्यातला प्रत्येक जण तोंड उघडण्याआधी मनात एवढीच खातरजमा करून घेई : हे याने विचारलंय का? विचारलं नसेल तर सांगायचं नाही. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नव्हती. परक्यांचं राज्य होतं तेव्हा भट्टीच्या दाराला तडा गेलाय असं एकाने आपणहून सांगितलं. दुरुस्ती त्याच्याच गळ्यात पडली आणि तडा जाईपर्यंत काय करत होतास म्हणून वर दंड. ते राज्य गेलं, आपले साहेब आले, दंडही गेला. रीत तेवढी टिकली. मी तिथला हजेरी कारकून. छत्तीस वर्षं माणसं मोजली. आमच्यात खोटं बोलणारे बोटांवर मोजण्याइतके होते; न सांगणारे सगळेच.

काम आमचं एकच. शहराला पाणी चढवणाऱ्या चार पंपांचे सुटे भाग ओतून द्यायचे. पंप परक्यांनी बसवलेले. जाताना त्यांनी पंपांचे सगळे नकाशे नेले. पंपही नेले असते, पण ते जड होते. मग मोडलेला एकेक भाग समोर ठेवून आमच्या आधीच्या लोकांनी त्याचा लाकडी पॅटर्न घडवला. हा पॅटर्न वाळूत दाबून उचलायचा, खाली जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. असे चारशे बारा पॅटर्न माळ्यावर फळ्यांवर मांडून ठेवलेले होते आणि त्यांचा धनी एकच : आमचे मिस्त्री.

मिस्त्री महिन्याला सरासरी चाळीस वाक्यं बोलत. त्यातली पंधरा लाकडाशी. हाडकुळा माणूस, कानावर पेन्सिल, आणि हातात ती पट्टी. आम्ही तिला चढी पट्टी म्हणायचो. त्याचं असं, की वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, शंभराला एक या हिशेबाने. म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो. आता दर वेळी आकडेमोड कोण करणार? म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच मुळात लांब आखलेली असते. तिच्यावर शंभर लिहिलेलं असतं तिथे खरे एकशे एक भरतात. दिसायला इतर पट्ट्यांसारखीच. ती घेऊन कुणी कापड विकायला बसला असता, तर गिऱ्हाईक खूश झालं असतं आणि दुकान वर्षात बसलं असतं.

मिस्त्रींना एकच मुलगी. तिला इंजिनियर करायची म्हणून या माणसाने अकरा वर्षांत एक खाडा केला नाही. तिचा निकाल लागला त्या दिवशी तासभर उशिरा आले आणि मला म्हणाले, "लेट मार्क मारा." मी म्हटलं, "अहो मिस्त्री, आजच्या दिवशी कसला लेट मार्क?" तर म्हणाले, "मारा. लक्षात राहील." पण त्या मुलीला त्यांनी माळ्यावर कधी पाऊल टाकू दिलं नाही. तू शिकलीस ती भुशात बसायला नाही, असं त्यांचं मत. त्यामुळे मुलीला धरणं कळत होती, नळाचा दाब कळत होता, सिमेंट कळत होतं. बापाच्या हातात रोज काय असतं तेवढं कळत नव्हतं.

आणि तिचा मामा. म्हणजे मिस्त्रींचे मेहुणे, युनियनचे सेक्रेटरी. त्यांना सगळा कारखाना कॉम्रेडमामा म्हणे, अगदी त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेही. दर रविवारी सकाळी युनियनच्या खोलीत ते मार्क्सवादाचा वर्ग घेत. नियमित येणारे नऊ. त्यातले चार चहासाठी, एक झोपण्यासाठी. मी खुर्च्या मोजायला जात असे.

तर अशा ठिकाणी पाणी आधुनिकीकरण योजना आली. परदेशी कर्ज, परदेशी तज्ज्ञांचं पथक, आणि पथकाला लागणारी स्थानिक इंजिनियर म्हणून आमच्या मिस्त्रींची मुलगी. गळ्यात निळ्या पट्ट्याचं ओळखपत्र. ते पहिल्यांदा घालून आली तेव्हा मिस्त्रींनी ते हातात धरून त्याची लांबी-रुंदी बघितली आणि म्हणाले, "कोपरे गोल केलेत. चांगलं केलंय."

करारात त्रेसष्टाव्या पानावर दोन अटी होत्या. यापुढे सुटे भाग कर्ज देणाऱ्या देशातल्या एका कंपनीकडूनच घ्यायचे. आणि आमची फौंड्री अकार्यक्षम असल्यामुळे सहा महिन्यांत बंद करायची.

त्या रविवारी वर्गाला एकसष्ट माणसं होती. खुर्च्या कमी पडल्या.

"पूर्वी हे लोक आपलं कच्चं लोखंड न्यायचे आणि त्याचे पत्रे करून आपल्यालाच विकायचे," कॉम्रेडमामा फळ्यावर दोन गोल काढत म्हणाले. एक मोठा, एक लहान. "आता त्यांना तेवढे कष्टही नकोत. आता ते भांडवल पाठवतात. भांडवल इथे येतं, त्याच्या पोटात अट असते, आणि अट आपल्याकडे जे काही बनतं ते आधी खाते. आपण मागासलेले आहोत म्हणून ते येत नाहीत. ते येतात म्हणून आपण मागासलेले राहतो."

"मामा, मी बोलू?" मागून भाची उठली. सगळ्या माना वळल्या.

"बोल की. तुझ्या गळ्यातला पट्टा बोलणार नसेल तर बोल."

"पट्टा नाही, मीच बोलतेय. तुमच्या चळवळीतच दोन तट आहेत ना? एक म्हणतो भांडवलाने देश मागे राहतो. दुसरा म्हणतो, भांडवल आल्याशिवाय जुनं मोडत नाही आणि नवं उभं राहत नाही. रेल्वे कुणी कशासाठी का घालेना, एकदा रूळ पडले की त्यांच्यामागे कारखाने येतातच. मग तुम्ही कायम पहिल्याच तटाची पानं का वाचून दाखवता?"

"कारण आपल्याकडे रूळ पडले, बाई, ते खाणीपासून बंदरापर्यंत. मध्ये एकही स्टेशन नाही."

लोक हसले. भाची हसली नाही. "चार पंपांपैकी दोन कधी बंद पडतील याचा नेम नाही. वरच्या वस्तीत आत्ताच दिवसातून सहा तास पाणी. तिथल्या बायकांना काय सांगू? थांबा, आधी सिद्धान्ताचा निकाल लागू दे?"

मामा यावर काही तरी बोलले, पण ते फळा पुसत बोलले, त्यामुळे ऐकू आलं नाही. मिस्त्री दाराशी उभे होते. त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. मी मात्र वहीत दोघांच्या नावापुढे एकेक रेघ ओढली. बरोबरी.

भाग परदेशात बनवायचे तर मापं हवीत. नकाशे नव्हतेच. पंप उघडून मोजायचे तर शहराचं पाणी तोडायला लागलं असतं. म्हणून पथकाने सोपा मार्ग काढला : माळ्यावरचे पॅटर्न मोजा. कोरडी जागा, सावली, आणि माल ओळीने मांडलेला.

मोजायला एक तरुण आला, तिकाठीवर बसवलेलं यंत्र घेऊन. यंत्रातून लाल ठिपका फिरायचा आणि पडद्यावर पॅटर्न उमटायचा. दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव डोळेवाला पडलं. मुलगा सज्जन होता. रोज सगळ्यांना हात जोडायचा आणि चपला बाहेर काढायचा, आम्ही न काढतासुद्धा. अकरा दिवस त्याने मोजलं. अकरा दिवस मिस्त्री त्याला एकेक पॅटर्न काढून देत होते आणि पुन्हा जागेवर ठेवत होते.

तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी मिस्त्रींच्या शेजारी बसलो.

"मिस्त्री, हा लाकूड मोजतोय."

"हं."

"हे लोखंडाचं माप नाही. शंभराला एक जास्त आहे. शिवाय घासकामाला ठेवलेली जाडी वेगळीच."

"हं."

"त्याला ठाऊक नसावं."

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. "विचारलं का त्याने?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला गुदगुल्या झाल्या. एवढं मोठं यंत्र, एवढा लाल डोळा, आणि शंभरातला एक त्याला दिसत नाही!

संध्याकाळी पाळी सुटल्यावर कॉम्रेडमामांना हे कळलं, म्हणजे मीच सांगितलं. मामांनी आम्हा दोघांना माळ्याच्या जिन्याखाली ओढलं. त्यांचा चेहरा बोनस जाहीर झाल्यासारखा उजळला होता.

"भाऊजी, अवाक्षर काढू नका. जाऊ देत ही मापं. जहाजभर भाग येतील आणि एकही बसणार नाही. बाहेरून जास्तीचं घासता येईल, पण भोकांमधलं अंतर सरकलेलं ते कसं घासणार? मग येतील तोंड पाडून आपल्याच दारात. फौंड्री बंद करायचं नाव काढणार नाहीत. बारा वर्षं मोर्चे काढून जे जमलं नाही, ते तुमच्या गप्प बसण्याने होईल."

"सही पोरीची लागते," मिस्त्री म्हणाले.

"सही तिची, पण मोजणी डोळेवाल्याची. तिला कोण काय करणार? उलट कंपनीचंच नाक कापलं जाईल."

मिस्त्रींनी जिन्याच्या पायरीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पॅटर्न तर इथेच आहेत." म्हणजे वेळ आली तर आपण पुन्हा ओतून देऊच. हा त्यांचा हिशेब, आणि तो चुकीचा नव्हता. अकराव्या दिवशी मुलगी आली, पडद्यावरचे चारशे बारा आकार तपासले, यादीशी ताडून पाहिले आणि सही केली. मिस्त्रींनी एवढंच विचारलं, "पहिलीच का गं मोठी सही?" ती म्हणाली, "हो बाबा." मी वहीत लिहिलं : मोजणी पूर्ण.

नंतरचा शनिवार. भट्टी शेवटची पेटवायची होती. पथकाचे मुख्य साहेब हजर होते. ते इतकं हळू बोलत की ऐकायला माणूस आपोआप वाकायचा. म्हणून आम्ही त्यांना मऊ साहेब म्हणत असू. त्यांनी मिस्त्रींच्या मुलीकरवी सांगितलं की आकार आता यंत्रात सुरक्षित आहेत. वाळलेलं लाकूड बंद इमारतीत पडून राहणं धोक्याचं, विमा कंपनी परवानगी देत नाही. तेव्हा पॅटर्न भट्टी पेटवायला वापरावेत. एक प्रकारे सन्मानाने निरोप.

हमालांनी माळ्यावरून टोपल्या उतरवायला सुरुवात केली. मी कॉम्रेडमामांकडे पाहिलं. मामांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. त्यांच्या दोन्ही गोलांमध्ये ही टोपली कुठेच बसत नव्हती.

तेव्हा मिस्त्री पुढे झाले. दोनशे एकतीस माणसांच्या देखत सरळ मऊ साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. "ते जाळू नका."

मुलीने भाषांतर केलं. साहेब वाकले आणि खरोखर आस्थेने म्हणाले, "का?"

छत्तीस वर्षांत कुणा साहेबाने आमच्या माणसाला का म्हणून विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. सांगायचं तर आत्ताच. एका वाक्याचं काम होतं : मापं चुकलीत, लोखंड आकसतं. मिस्त्रींनी साहेबांकडे पाहिलं, मग मुलीकडे. तिच्या गळ्यात निळा पट्टा, हातात तिच्याच सहीची फाइल, आणि भोवती ती लहान असल्यापासून तिला ओळखणारी सगळी माणसं. त्यांचे ओठ हलले.

"जुनं लाकूड आहे," मिस्त्री म्हणाले. "वाईट वाटतं."

भाषांतर झालं. मऊ साहेबांचे डोळे पाणावले. टोपलीतून त्यांनी स्वतःच्या हाताने एक पॅटर्न उचलला, लहानशा झाकणाचा, आणि मिस्त्रींना आठवण म्हणून भेट दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. उरलेले चारशे अकरा भट्टीत गेले. सागवान होतं, छान पेटलं.

फौंड्री बंद झाली. लेथ, क्रेन, घण, सगळं वजनावर विकलं गेलं आणि बंदराच्या दिशेने गेलं. मी घरी बसलो. मोजायला माणसं नाहीत म्हणून पाण्याचे तास मोजू लागलो. आधी सहा. दोन नंबरचा पंप बंद पडल्यावर चार. मग चार नंबरचाही आवाज फाटला, आणि तास झाले अडीच. वरच्या वस्तीत भांड्यांच्या रांगा लागल्या आणि रांगांत पोलीस उभे राहू लागले. कंपनीचं चिन्ह असलेले टँकर फिरायला लागले. त्यांचं पाणी विकत होतं.

जहाज आलं. नवे भाग सुरेख होते, तेलकट कागदात गुंडाळलेले. एकही बसला नाही. पथकाचे फिटर आठ दिवस हातोडे घेऊन पंपघरात बसले होते. नवव्या दिवशी अहवाल आला, आणि त्यात भाग चुकलेत असं कुठेही नव्हतं. लिहिलं होतं की शहराचे पंपच प्रमाणाबाहेरचे आहेत. चारही पंप आणि त्यांना जोडलेल्या मुख्य नळ्या बदलाव्या लागतील. त्यासाठी दुसरं कर्ज, पहिल्याच्या तिप्पट.

मुलगी आकड्यांचे कागद घेऊन घरी आली. मी तिथेच होतो, मिस्त्रींच्या बायकोने मला चहाला थांबवलं होतं. कॉम्रेडमामाही होते.

"प्रत्येक भागात सारखीच चूक," मुलगी म्हणाली. "शंभराला एक. सगळीकडे. बाबा, असं कसं होतं?"

मिस्त्रींनी तिला सगळं सांगितलं. पट्टी सांगितली, डोळेवाला सांगितला, जिना सांगितला, शनिवार सांगितला. एवढी वाक्यं त्यांनी एका बैठकीत आयुष्यात बोलली नसतील. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

मुलगी ओरडली नाही. तिने आधी मामांकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"काका, तुम्हाला?"

मी मान हलवली.

"म्हणजे मी सही करत होते तेव्हा त्या माळ्यावर मी एकटीच अडाणी होते." ती हसल्यासारखी झाली. "शिकवलंत मला कशाला मग?"

आईने येऊन तिच्यापुढचा थंड चहा उचलून नेला.

मग तिने कागद सरळ केले. आकार अजून यंत्रात होते. लोखंडाला चुकलेली ती मापं लाकडाला बरोबरच होती. बाबा आणखी चार सुतार घेऊन चार महिन्यांत नवे पॅटर्न घडवतील, एक भट्टी पेटवायची, जुनेच पंप पुढे वीस वर्षं चालतील. दुसऱ्या कर्जाची गरज नाही. फक्त हे सगळं लिहून द्यावं लागेल : चूक कुठे झाली, कुणाला ठाऊक होती, कोण गप्प बसलं.

"लिहून देऊ नकोस," मामा म्हणाले. "तोंडी सांग हवं तर. कागद त्यांच्या हातात गेला की तो त्यांचा होतो."

"मामा, तुमचं ऐकून एकदा बाबा गप्प बसले. त्याचं काय झालं ते भट्टीत बघितलं आपण."

मामांचा आवाज चिरकला. "मी चुकलो. मला वाटलं ते माल विकायला आलेत, माल बसला नाही की हरतील. पण त्यांना न बसलेलाही चालतो. हे माझ्या वर्गात मीच नीट शिकलो नव्हतो. म्हणून तर सांगतोय, लिहू नकोस. नोकरी जाईल, आणि भाऊजींना आत टाकतील."

मुलीने बापाकडे पाहिलं.

"लिही," मिस्त्री म्हणाले. "माझं नाव पहिलं."

पत्र दीड पानी झालं. खाली तिची सही, मिस्त्रींची सही, आणि अकराही दिवस ते माळ्यावर हजर होते याची साक्ष म्हणून माझी. मामांनी केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आणि मी पथकाच्या कार्यालयात गेलो. गारठा वाटावा इतकं थंड होतं आत. काचेच्या भांड्यात पाणी भरून ठेवलेलं होतं, काठोकाठ.

मऊ साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. मग मुलीचे आभार मानले. असा प्रामाणिकपणा आपण चार देशांत काम करून पाहिला नाही, असं म्हणाले.

"मग दुसरं कर्ज थांबवता येईल?" तिने विचारलं.

"पंप एकोणीस दिवसांपूर्वी निघालेत," साहेब म्हणाले. इतकं हळू, की आम्ही दोघंही पुढे वाकलो. "त्यांचा करार तर तुम्ही मापांवर सही केलीत त्याच्याही आधी झाला होता."

"आधी? मग ते भाग कशासाठी मागवले?"

"तो पहिला टप्पा होता. हा दुसरा आहे." यात न कळण्यासारखं काय आहे, अशा चेहऱ्याने त्यांनी तिच्याकडे पाहिलं. चेहरा अजिबात दुष्ट नव्हता. मला तेच जास्त लागलं. मिस्त्री बोलले असते तरी, आणि गप्प बसले तरी, या माणसाच्या वहीत काहीही हललं नसतं. आम्ही महिनोन्महिने ज्याचं ओझं वाहिलं ते तिथे वजनातच धरलेलं नव्हतं.

मग त्यांनी घंटी वाजवून एक फाइल मागवली आणि पत्र तिच्यात ठेवलं.

"पत्र मात्र फार महत्त्वाचं आहे," ते म्हणाले. "नव्या पंपांवर दहा वर्षांची हमी आहे. त्या मुदतीत काही बिघडलं, तर स्थानिक लोकांनी पूर्वी माहिती लपवली होती याचा लेखी पुरावा आपल्याकडे आहे. कंपनीची जबाबदारी उरणार नाही. मी तुमचा ऋणी आहे."

मुलीने गळ्यातला निळा पट्टा काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी तो व्यवस्थित गुंडाळून तिला परत दिला. महिनाअखेरपर्यंत राहू द्या म्हणाले, हिशेबाला सोपं जातं.

नवे पंप बसले. पंपघराभोवती भिंत आली, भिंतीला फाटक, फाटकावर चौकीदार. पंपांची झाकणं शिसं ओतून मोहोरबंद केली. स्थानिक हात लागला तर हमी रद्द, अशी पाटी लागली. ज्यांनी कधी ना कधी जुना पंप उघडला होता अशा त्रेचाळीस माणसांना आत यायची बंदी. ती यादी माझ्याच जुन्या हजेरीपटावरून काढलेली होती, क्रमसुद्धा तोच. पाणी मात्र आलं. दिवसाला आठ तास. वरच्या वस्तीत लोकांनी साहेबांचा सत्कार केला. नळाला मीटर लागले ते त्यानंतरच्या महिन्यात.

आठवडाभरापूर्वी सकाळी आम्ही तिघं त्या भिंतीजवळून जात होतो. मिस्त्री, त्यांची मुलगी आणि मी. ती आता एका शाळेत गणित शिकवते. चालता चालता मिस्त्री थांबले. भिंतीला हात लावला, मग कान लावला. मला नुसती घरघर ऐकू येत होती.

"तिसऱ्या पंपाचं बेअरिंग जायला लागलंय," ते म्हणाले. "आत्ता थांबवून बदललं तर काही नाही. असंच चालवलं तर आठ-दहा दिवसांत दांडा मोडेल आणि शेजारच्यालाही घेऊन जाईल."

मुलीने त्यांचा दंड धरला. "बाबा, चला घरी. तुम्ही काही ऐकलं नाहीत."

"ऐकलं की."

"ऐकलं असलं तरी. त्या फाइलमध्ये तुमचं नाव पहिलं आहे. तुम्ही सांगितलंत आणि पंप मोडला, तर तुम्हीच मोडलात म्हणतील. बाबा, मी हात जोडते."

"आणि नाही सांगितलं तर?"

आतली घरघर चालूच होती, आणि आता, मिस्त्रींनी दाखवून दिल्यावर, मलाही तिच्यात काहीतरी अडखळल्यासारखं ऐकू यायला लागलं.

"पाणी त्यांचं नाही गं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी तिची बोटं एकेक करून हलकेच सोडवली आणि फाटकाकडे गेले.

चौकीदार आमच्याच फौंड्रीत वाळू चाळायला होता. त्याने मिस्त्रींना ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मेजाच्या खणातून एक नवीकोरी वही काढली, पहिलं पान उघडलं, घड्याळ बघून वेळ लिहिली.

"आतल्या कुणी सांगितलं नाही, आत तुम्ही गेला नाहीत," तो वर न बघता म्हणाला, "मग पंप मोडणार हे तुम्हाला कळलं कसं? सावकाश सांगा. मला जसंच्या तसं लिहावं लागतं."

मिस्त्री खाली बाकावर बसले आणि सांगायला लागले.